शाळा आपापली, मुलं सगळ्यांची

मी नववीत असताना आमच्या वर्गाला पाच महिने गणिताचे शिक्षक नव्हते. आधीच्या सरांना दुसरीकडे कायमची नोकरी लागली आणि ते गेले. गणिताच्या तासाला पीटीचे सर येऊन बसायचे. "आवाज करू नका, पाढे पाठ करा," एवढंच सांगायचे. त्याच काळात शेअर रिक्षाने पंधरा मिनिटांवर असलेल्या दुसऱ्या शाळेत गणिताचे दोन शिक्षक होते आणि त्यातल्या एकाला पुरेसे तासही मिळत नव्हते. हे मला पुष्कळ वर्षांनी त्याच सरांकडून कळलं. दोन्ही शाळा आपल्याच लोकांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या. दोन्हीकडचे विश्वस्त जुम्म्याला एकाच सफेत उभे राहायचे, पण एकमेकांच्या शाळेची पायरी चढायचे नाहीत.

माझ्या बाकावरची मैत्रीण दहावीला गणितात दोनदा नापास झाली आणि तिचं शिक्षण तिथंच थांबलं. आज ती एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम करते. सातवीत असताना माझी चुकलेली गणितं हीच मुलगी दुरुस्त करून द्यायची. नापास झाल्याचा दोष तिच्या माथी गेला. दोन संस्थांनी आठवड्याला चार तास वाटून घेतले असते, तर तिचा निकाल वेगळा लागला असता, असं मला आजही वाटतं.

म्हणून आज एक मुद्दा मांडायचा आहे. पालघर, बोईसर, चिंचणी, तारापूर या पट्ट्यातल्या आपल्या शाळांनी आता एकेकट्याने चालायचं थांबवावं. शाळांनी मिळून एक संघ करावा, पुढे त्याचा एक ट्रस्ट करावा आणि शिक्षक, प्रयोगशाळा, परीक्षा, हिशेब या गोष्टी एकत्र चालवाव्यात. तसं केल्याशिवाय दर्जा वाढणार नाही. नवी इमारत बांधून तर नाहीच नाही.

कुंपणाच्या आत काय चालतं

लोक म्हणतील, हे पुस्तकी बोलणं आहे, आपल्याकडे असं कुठं होतं? आपल्याकडेच होतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं आणि अणुऊर्जा शिक्षण संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली. अणुऊर्जा विभागाच्या वसाहतींमधल्या केंद्रीय शाळा ही संस्था चालवते. तिच्या देशभरात तीसच्या आसपास शाळा आहेत. मुंबईत अणुशक्तीनगरला, तमिळनाडूत कल्पक्कमला, राजस्थानात रावतभाट्याला आणि आपल्या बोईसरजवळच्या तारापूर वसाहतीत. इथल्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली, तर ती भरण्याची चिंता एकट्या मुख्याध्यापकांनी करायची नसते. सगळ्या शाळांचा शिक्षकवर्ग एकाच संस्थेचा आहे, बदल्या होतात, भरतीचे नियम एक आहेत. एक शाळा कुठे कमी पडते आहे, हे दुसरीशी तुलना करून कळतं.

या शाळांत पहिला हक्क विभागाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या त्यांच्यासाठीच काढलेल्या आहेत. पण आपण लहानपणापासून त्या कुंपणाकडे बघून एकच निष्कर्ष काढत आलो: "त्यांच्याकडे सरकारचा पैसा आहे." पैसा आहे, हे खरंच. पण तिथली व्यवस्था एकत्रित आहे, हे आपल्या लक्षातच आलं नाही. पैशाची नक्कल करणं आपल्याला जमणार नाही. व्यवस्थेची नक्कल मात्र फुकट आहे.

बिनपैशाचं उदाहरण हवं असेल तर रयत शिक्षण संस्था बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी ती सुरू केली. साताऱ्याच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. आज रयतच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत आणि तिचं एक महाविद्यालय आपल्या जिल्ह्यातल्या मोखाड्यात आहे. दुष्काळी गावातली शाळा आणि शहरातली शाळा एकाच संस्थेच्या शाखा असल्याने शिक्षक एकीकडून दुसरीकडे जातो आणि आपलं कसबही सोबत नेतो. मोखाड्यासारख्या ठिकाणी एकट्या संस्थेने महाविद्यालय काढलं असतं, तर ते किती दिवस टिकलं असतं?

आपल्या समाजातलं उदाहरण याहूनही जुनं आहे. बद्रुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि तिची पहिली शाळा १८८० मध्ये सुरू झाली. एका शाळेपासून निघालेली ही संस्था आज बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंतचं शिक्षण देते. दीडशे वर्षं ती टिकली याचं एक कारण मला दिसतं. ती एका घराण्याची किंवा एका मोहल्ल्याची मालमत्ता झाली नाही.

आणि बोर्डी-कोसबाड विसरून कसं चालेल? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यातलं मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, जनावरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच वर्ग भरवायचा, हे प्रयोग आपल्या जिल्ह्याच्या मातीत झाले. तिथं सापडलेली रीत त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही, इतरांना शिकवली. चांगल्या शाळेची हीच खूण आहे. तिला जे सापडतं ते शेजारच्या शाळेलाही मिळतं.

एकत्र येणं म्हणजे शाळा बंद करणं नव्हे

इथं एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. "शाळा एकत्र" म्हटलं की लोकांना समूह शाळा आठवते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही उदाहरणं समोर ठेवली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. त्या बंद होतील आणि पाड्यावरचं सहा वर्षांचं मूल घरीच बसेल, ही भीती लोकांनी बोलून दाखवली आणि ती रास्त होती. जव्हार-विक्रमगडच्या मुलासाठी चार किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात शाळा संपलीच.

मी म्हणते ते याच्या उलट आहे. शाळा जागच्या जागी राहतील. फिरतील ते शिक्षक, फिरेल ती प्रयोगशाळेची पेटी, फिरतील त्या प्रश्नपत्रिका. ही कल्पना नवीनही नाही. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या काळात शाळा संकुलाची शिफारस केली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ती परत आली: एक माध्यमिक शाळा आणि तिच्या भोवतालच्या पाच ते दहा किलोमीटरमधल्या खालच्या वर्गांच्या शाळा व अंगणवाड्या, यांनी एक संकुल म्हणून काम करायचं. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि शिक्षण परिषद ही रचना आहेच. खासगी संस्थांच्या शाळा मात्र या सगळ्याच्या बाहेर, आपापल्या वाटेने चालतात.

नकाशा काढून बघा. बोईसर, चिंचणी, तारापूर हे एक संकुल सहज होतं. पालघर आणि आसपासची गावं दुसरं. मनोर तिसरं. पुढे सोपारा, कुडूस जोडता येतील.

सोमवारपासून काय करता येईल

ट्रस्टची नोंदणी, घटना, शिक्का हे सगळं नंतर. आपल्याकडे आधी लेटरहेड छापतात आणि काम मागे राहतं. आधी चार-पाच शाळांनी एका वर्षाचा साधा करार करावा आणि त्यात पाच गोष्टी असाव्यात.

पहिली गोष्ट शिक्षक वाटून घेणं. अनुदानित जागांवरच्या शिक्षकांना संचमान्यतेचे नियम लागू असतात, त्यांना मनाप्रमाणे दुसऱ्या शाळेत पाठवता येत नाही. पण घड्याळी तासिकेवरचे आणि विनाअनुदानित तुकड्यांचे शिक्षक संस्था स्वतःच नेमतात. तीन शाळांनी मिळून गणिताचा एक चांगला शिक्षक नेमला, तर त्याला पूर्ण पगार देता येईल. आज तीन शाळा तीन शिक्षकांना तुटपुंजं मानधन देतात आणि तिघंही सहा महिन्यांत सोडून जातात.

दुसरी, घटक चाचणी एकच ठेवायची आणि पेपर दुसऱ्या शाळेने तपासायचे. आपल्याच शाळेत आपलेच शिक्षक तपासतात तेव्हा सगळ्यांना सत्तर टक्के पडतात आणि खरा हिशेब बोर्डाच्या परीक्षेत होतो. तोवर उशीर झालेला असतो. पेपर बाहेर गेला की पहिल्या वर्षी निकाल घसरेल. तो घसरू द्यावा आणि पालकांना खरं सांगावं.

तिसरी, वाचनाची पातळी तपासणं. पाचवीतल्या प्रत्येक मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, हे प्रत्यक्ष बसून बघायचं. ज्यांना येत नाही, त्यांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करायचे आणि रोज एक तास फक्त वाचन घ्यायचं. प्रथम संस्थेने ही पद्धत देशभर नेली आहे. तिला महागडं सामान लागत नाही.

चौथी गोष्ट मराठी, आणि इथं मी थोडी थांबणार आहे. उर्दू माध्यमातून सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या मुलाला पुढे बहुतेक वेळा माध्यम बदलावं लागतं. त्याच वळणावर कितीतरी मुलं, विशेषतः मुली, गळतात. पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षा, तहसील कचेरीतला साधा अर्ज, सगळं मराठीत. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, पण कायद्याने शिक्षक तयार होत नाही. उर्दू मातृभाषा म्हणून राहू दे, तिच्यावर घाला घालायचं कारण नाही. पण संघातल्या मराठी माध्यमाच्या शाळेने मराठीचा एक चांगला शिक्षक उर्दू शाळेला द्यावा आणि आठवीच्या आधी दोन महिन्यांचा जोडवर्ग चालवावा. एवढ्याने पुष्कळ मुलींची शाळा वाचेल.

पाचवी, हिशेब. प्रत्येक शाळेचा पट, हजेरी, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, निकाल आणि जमाखर्च दर सहा महिन्यांनी एका कागदावर छापून नोटीस बोर्डावर लावायचा. मशिदीच्या बाहेर लावला तरी हरकत नाही, ग्रामपंचायतीत लावला तर आणखी चांगलं.

पैसा कुठून येणार

तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण त्यात बसतं आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदाच म्हणतो. मग हा पैसा आपल्या शाळांपर्यंत का येत नाही? "आपल्याला कोण देणार?" हे उत्तर सोपं आहे आणि काही वेळा खरंही असेल. पण दुसरं उत्तरही ऐका. कंपनीला नोंदणीकृत संस्था हवी असते, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा असतो, लेखापरीक्षण झालेले हिशेब हवे असतात आणि बदल मोजता येईल असा प्रस्ताव हवा असतो. दोनशे पटाच्या एकट्या शाळेकडे हे कागद नसतात. आठ शाळांच्या संघाला एक पगारी हिशेबनीस परवडतो.

कायद्याची वाटही आहे. आपले बहुतेक ट्रस्ट १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले आहेत. त्यातल्या कलम ५०-अ नुसार धर्मादाय आयुक्त दोन किंवा अधिक ट्रस्टसाठी एक समाईक योजना करून ते एकत्र करू शकतात. म्हणजे उद्या चार संस्थांना खरोखरच एक व्हायचं ठरलं, तर दार उघडं आहे.

खुर्ची, जमात आणि इंग्लंडचा धडा

खरी अडचण कायद्याची नाही, खुर्चीची आहे. "आमच्या वालिदांनी जमीन दिली, आता शाळेत दुसऱ्याचा शब्द चालणार?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. जमीन देणाऱ्याचं ऋण मान्य आहे. पण अल्लाहच्या वाटेवर दिलेली जमीन दिल्यावर आपली राहत नाही, हे आपणच सांगत असतो ना? मग कोकणी, मेमन, उत्तरेकडून आलेले, ही जमात, तो मसलक, अशी शाळांची वाटणी कशासाठी? दहावीच्या उत्तरपत्रिकेवर मसलकाचा रकाना नसतो.

एका आक्षेपाला मात्र मी हसून टाळणार नाही. मोठा ट्रस्ट झाला की सत्ताही मोठी होते. इंग्लंडमध्ये गेल्या पंधरा वर्षांत हजारो सरकारी शाळा अशा ट्रस्टखाली गेल्या. त्यातला एक अनुभव आपल्याला उमेद देणारा आहे. ब्लॅकबर्नमध्ये १९८४ मध्ये मुस्लिम समाजाने मुलींसाठी तौहीदुल इस्लाम ही शाळा काढली. पुढे तिच्याभोवती शाळांचा ट्रस्ट उभा राहिला. आज तो स्टार अकॅडमीज नावाने ओळखला जातो आणि त्यात इस्लामी शाळांबरोबर कोणत्याही धर्माशी न जोडलेल्या शाळाही आहेत. पण त्याच इंग्लंडमध्ये वेकफिल्डच्या एका ट्रस्टने २०१७ मध्ये आपल्या सगळ्या, म्हणजे २१ शाळा सोडून देत असल्याचं जाहीर केलं. पालकांना आपली शाळा कोण चालवणार हेच कळेना. भराभर वाढ, वर बसलेले बडे अधिकारी आणि खाली पालकांना आवाज नाही, असं झालं की ट्रस्ट नावाचीच गोष्ट बदनाम होते.

म्हणून संघाच्या मंडळावर पालक हवेत, शिक्षक हवेत, आणि निम्म्या तरी बायका हव्यात. एका घरातली एकच व्यक्ती. ठरावीक मुदत संपली की खुर्ची सोडायची. आणि कोणतीही शाळा वर्षाची नोटीस देऊन बाहेर पडू शकेल, हे घटनेत लिहिलेलं हवं. बाहेर पडायचा रस्ता असला की आत यायची भीती कमी होते.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात दोन न्यायमूर्तींनी त्या भूमिकेबद्दल शंका व्यक्त केली आणि अल्पसंख्याक शाळांना टीईटी लागू व्हावी का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे जावा असं सुचवलं. निकाल काय लागायचा तो लागेल. पण शिक्षक आपण निवडायचे हा हक्क मिळाला, त्याचं काही ठिकाणी आपण काय केलं? जागेचा भाव ठरवला, मेहुण्याला चिकटवलं. कलम ३० चा हा हक्क मुलांसाठी आहे, विश्वस्तांच्या नातेवाइकांसाठी नाही. संघाने एकत्रित जाहिरात, लेखी परीक्षा आणि वर्गात प्रत्यक्ष पाठ घेऊन निवड केली, तर न्यायालयाने सांगण्याआधीच आपण आपलं घर साफ केलेलं असेल.

फक्त आपल्याच शाळा नकोत

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मदरशात जातात. त्याच अहवालात आहे की ६ ते १४ वयोगटातली एक चतुर्थांश मुस्लिम मुलं एक तर कधीच शाळेत गेली नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली. शाळेत असलेली आपली बहुसंख्य मुलं जिल्हा परिषदेच्या, सरकारी आणि साध्या खासगी शाळांत आहेत. त्यांच्या शेजारी बाकावर वारली, मांगेला, कुणबी, भंडारी, बिहारहून आलेल्या कामगारांची मुलं बसतात. संघ फक्त "आपल्या" शाळांचा केला, तर आपल्याच बहुतेक मुलांना तो उपयोगी पडणार नाही. म्हणून त्याचं दार जिल्हा परिषदेच्या शाळेला आणि शेजारच्या कोणत्याही संस्थेला उघडं हवं. अणुवीज प्रकल्पाच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. त्या गावांच्या मुलांना आणि आपल्या मुलांना लागणारा गणिताचा शिक्षक वेगळा नाही.

आता तुम्ही

हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या हातात संस्थेची सही नाही, माझ्याही नाही. पण आपल्यातले कितीतरी जण बीएस्सी झालेत, प्लांटमध्ये केमिस्ट आहेत, कुणी सीएच्या हाताखाली आहे, कुणी डीएड करून घरी बसलंय. तुम्ही ज्या शाळेत शिकलात तिथं या महिन्यात एकदा जा. मुख्याध्यापकांना तीन प्रश्न अदबीने विचारा: सर, कोणत्या विषयाला शिक्षक नाही? गेल्या वर्षी आठवीतून नववीत किती मुली आल्या नाहीत? शेजारच्या शाळेशी आपलं बोलणं आहे का?

उत्तरं वहीत लिहून घ्या. मग शेजारच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्याला गाठा, त्याची वही आणि तुमची वही शेजारी ठेवा. एकीकडे जे कमी आहे, ते दुसरीकडे बऱ्याचदा पडून असलेलं दिसेल. ते घेऊन दोघं मिळून दोन्ही विश्वस्त मंडळांकडे जा. एकटे गेलात तर "पोरगं आहे" म्हणून चहा पाजून परत पाठवतील. दोन शाळांची दहा-दहा पोरं-पोरी वह्या घेऊन गेली, तर बसायला खुर्ची द्यावी लागेल.

माझ्या मैत्रिणीची मुलगी आता चौथीत आहे. पाच वर्षांनी ती नववीत जाईल. गणिताचा तास सुरू होईल तेव्हा तिच्या वर्गात शिक्षक असला पाहिजे.